फोटोवाली आत्या आणि माझी मूठ

आत्याच्या कापडी पिशवीत कॅमेरा आणि कंगवा एकत्र असायचे आणि दोघांतला कंगवा नेहमी आधी बाहेर यायचा. विंचरल्याशिवाय तिनं कधी कुणाचा फोटो काढला नाही. नवरीचा नाही, म्हाताऱ्याचा नाही, रांगत्या पोराचाही नाही. डोक्यावर एकही केस नसलेल्या दगडूकाकांपुढंही तिनं एकदा कंगवा धरला होता. काका म्हणाले, "आगं, हितं काय विंचरू?" आत्या म्हणाली, "मिशा हायेत की."

ती माझी सख्खी आत्या नाही. लग्नानंतर काही वर्षांतच नवरा गेला आणि ती लहानग्या सुमनला घेऊन माहेरी, मुळशीतल्या आमच्या वस्तीवर परत आली. वस्तीची लेक म्हणून सगळ्यांचीच आत्या झाली. हिंजवडीच्या एका कंपनीत ती साफसफाईच्या बायकांवर सुपरवायझर होती. कंपनीच्या वार्षिक समारंभात सोडत निघाली. आत्याला मिक्सर हवा होता, लागला कॅमेरा. तळहातात मावेल एवढा, चंदेरी. मिक्सर लागला गेटवरच्या वॉचमनला. तिनं अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला, पण त्याला कॅमेऱ्यात चटणी होत नाही हे कळत होतं. वस्तीवर येऊन आत्यानं जाहीर केलं, "मिक्सर लागला असता तर चटनी खायला घातली असती. आता फोटो खावा."

मी वाढले ती पत्रकांवर. आमच्या घरी माळ्यावर गोधड्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. वडील चळवळीतले. अक्षरओळख मला 'जाहीर निषेध' या शब्दांवरून झाली. शाळेत 'आमची गाय' या निबंधाचा शेवट मी 'सबब या निबंधाद्वारे शासनास इशारा देण्यात येत आहे' असा केला होता. गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला आणि हसले. त्या हसण्याचाही मी निषेध नोंदवला. असं पोर आणि असा कॅमेरा एकाच वस्तीत, म्हणजे आमचं जमणं अवघडच होतं.

त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. बटण दाबलं की तो लगेच फोटो काढत नसे. आधी गोगलगाईसारखं तोंड पुढं-मागं करायचा, घरघरायचा, विचार करायचा आणि मग कधीतरी खटकन वाजायचा. तोवर माणसांचं हसू संपलेलं असे. आत्याच्या फोटोंतली सगळी माणसं हसून झाल्यानंतरची आहेत. माझे फोटो तर विचारूच नका. जयंतीच्या मिरवणुकीत, मोर्चात, तहसील कचेरीपुढं मी घोषणा देत मूठ वर करायची, आत्या बटण दाबायची, आणि फोटो निघेपर्यंत ती मूठ खाली येऊन नाक खाजवत असायची. माझ्या आजवरच्या संघर्षाची सगळी छायाचित्रं अशी आहेत. पाहणाऱ्याला वाटावं, या मुलीला सर्दीचा जुनाट त्रास आहे.

"आत्या, मूठ वर असताना काढ ना!"

"मग धर की वर. लगीच खाली घ्यायला काय जड हाय व्हय?"

दुसरी खोड तारखेची. बॅटरी काढली की कॅमेरा आपली तारीख विसरायचा आणि कुठल्याशा जुन्या सालातल्या एक जानेवारीवर जाऊन बसायचा. फोटोच्या कोपऱ्यात ती तारीख नारिंगी आकड्यांत उमटायची. त्यामुळं आमच्या वस्तीवरची बारशी, लग्नं, मयतानंतरची पुण्यानुमोदनं, मॅट्रिकचे निकाल, सगळं एकाच दिवशी घडलेलं आहे. मी तारीख बदलून द्यायला गेले तर आत्यानं कॅमेरा ओढून घेतला. "एक जानेवारी. चांगली तारीख हाय. राहू दे." शौर्यदिनाच्या माझ्याच पत्रकांनी तिला ती तारीख शिकवली होती.

पावसाळ्यात ती कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायची. ताम्हिणीकडून ढग आले की आमच्याकडं चार महिने काडेपेटीसुद्धा पेटत नाही, तिथं कॅमेरा काय टिकणार? डब्यात तो टिकला, पण एका वर्षी तांदळाचा दाणा भिंगाच्या पापणीत अडकला आणि ती अर्धीच उघडू लागली. त्या हंगामातल्या प्रत्येक फोटोच्या वरच्या कोपऱ्यात काळी चंद्रकोर आहे. कुणी विचारलं तर आत्या सांगायची, "त्यो आमचा इंद्रायणी तांदूळ हाय. घरचाच हाय, परका न्हाई."

मी लवळ्याला कॉलेजात गेले तेव्हा मला धक्काच बसला. सगळ्या जगानं टाकून दिलेले हे कॅमेरे हॉस्टेलची पोरं हुडकून हुडकून आणत होती. म्हणे मोबाइलमध्ये फार स्पष्ट दिसतं, यात छान जुनं दिसतं. गरिबांच्या जे नाइलाजानं वाट्याला येतं त्याचीच श्रीमंतांना हौस येते, यावर मी कँटीनमध्ये तासभर बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग एकानं विचारलं, "तुझ्या आत्याकडं नक्की कुठलं मॉडेल आहे?" रविवारी चार जण वस्तीवर हजर. त्यातल्या एकानं सलूनमध्ये बसून मुद्दाम केस विस्कटून घेतले होते. आत्यानं त्याच्याकडं कळवळून पाहिलं, तांब्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर थापलं आणि मधोमध भांग पाडला. "आई न्हाई का रं जवळ?" पोरगं तसंच फोटोला उभं राहिलं. तो फोटो त्यानं कुठंही टाकला नाही, पण पाकिटात ठेवलाय असं ऐकते.

यानंतर आला साकवाचा मामला. वस्ती आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा आहे. त्यावरचा लहानसा पूल, म्हणजे साकव, एका पावसात निम्मा वाहून गेला. मग आम्ही चपला हातात घेऊन पाण्यातून जायचो आणि पाऊस धरला की वस्तीवरच अडकायचो. ताप आलेल्या माणसाला खांद्यावरून न्यावं लागे. आत्याचे गुडघे तर आधीच गेलेले, नोकरीही त्यापायीच सुटली होती. सुमनताई आता हिंजवडीतच एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते. ती दर फोनवर म्हणायची, "आई, चल माझ्याकडं." आत्याचं उत्तर ठरलेलं, "दारात गाडी आली की येते. मला वढ्यातनं चालवत न्हाई." गाडी दारात येणं शक्य नव्हतं. तिला वस्ती सोडायची नव्हती आणि मोडका साकव तिच्या बाजूनं होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, सुमनताईलाही.

मी पत्रक लिहिलं. शीर्षक, 'साकव की सरणाची वाट?' बांधकाम कचेरीत द्यायच्या अर्जाला फोटो हवा होता, म्हणून मी आत्याला गाठलं. माझ्या डोळ्यांपुढं चित्र तयार होतं: चिखल, उघडी पोरं, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली म्हातारी, मागं भेसूर तुटका साकव. आत्यानं निरोप फिरवला आणि सकाळी ओढ्याकाठी अख्खी वस्ती उभी राहिली. पांढऱ्याशुभ्र साड्या, इस्त्रीचे शर्ट, पोरांच्या डोक्याला तेल. दगडूकाकांनी कोट घातला होता.

"आत्या, हे काय? आपण लग्नाला निघालोय का?"

"सायबाकडं निघालोय. त्याला काय मळक्या लुगड्यात दिसायचं?"

"अगं, त्यांना दया यायला हवी! आपली अवस्था दिसायला हवी!"

आत्यानं कंगवा खाली ठेवला. "विहारात ज्यांचा फोटो लावलाय, त्यांच्या अंगावर काय हाय ते बघ आधी. सूट हाय का फाटका सदरा? आन तुझ्याच कागदात लिवलंयस, आमाला भीक नको, हक्क पायजे. मग? भीक मागायची आसंल तर सांग, समद्यांना कापडं बदलून आणते."

मी पत्रक उघडून पाहिलं. लिहिलं होतं खरं. दुसऱ्या परिच्छेदात, ठळक अक्षरात. पत्रकं लोक वाचत नाहीत अशी माझी कायमची तक्रार असे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, न वाचलेलीच बरी.

फोटो निघाला. त्यात सगळे होते, साकव सोडून. आत्याला माणसांचे चेहरे मोठे यायला हवे होते, म्हणून ती जवळ गेली होती. "त्यो मोडलेला हाय, त्याचा कशाला फोटो?" हे तिचं म्हणणं. मला वाद घालायला वेळ नव्हता. अर्ज देण्याची घाई होती.

कचेरीतल्या साहेबांनी फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला. म्हणाले, "तुमचा साकव झालेला दिसतोय की. उद्घाटनाचा फोटो आहे ना हा?" मग कोपऱ्यातली नारिंगी तारीख पाहिली. "आणि इतकी वर्षं झाली याला! मग आता अडचण काय आहे?" मी पंधरा मिनिटं बोलले. शोषण, उपेक्षा, सत्तेची मुजोरी, माझ्याकडं होतं नव्हतं ते सगळं काढलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि अर्ज परत दिला. "नीट फोटो लावून आणा."

मी ठरवलं, आता साकवाचा फोटो मोबाइलवर आपणच काढायचा, आणि तो काढून अर्जाला लावलाही. पण कचेरीच्या पुढच्या खेपेला आत्या सगळ्यांना घेऊन माझ्याआधी एसटी थांब्यावर हजर. पुन्हा तेच शुभ्र कपडे. ओढा ओलांडताना तिला दोघींनी बखोटीला धरून आणलं होतं. गुडघ्याच्या वर साडी भिजली होती आणि त्याचा फोटो मात्र तिनं कुणाला काढू दिला नाही.

साहेबांच्या खोलीत शिरल्यावर मी भाषणासाठी घसा खाकरला. आत्यानं मला कोपरानं बाजूला केलं आणि पिशवीतून कंगवा काढला.

"सायेब, हुबं राहा. तुमचा फोटो घ्यायचाय."

"माझा? कशाला?"

"आमच्या हातनं अर्ज घेताना. विहारात लावायचाय. जरा भांग सरळ करा."

साहेब गडबडले. माणसाला फोटो म्हटलं की हात आपोआप केसांकडं जातो. त्यांनी कंगवा घेतला, भांग पाडला, शर्ट खोचला आणि दगडूकाकांच्या हातून अर्ज घेत ते छान हसले. आत्यानं बटण दाबलं. कॅमेरा घरघरला. साहेब हसतच राहिले. कॅमेरा विचार करत राहिला. शेवटी त्यांचं हसू उतरलं, समोरची इतकी माणसं त्यांना बहुधा तेव्हाच नीट दिसली, आणि खटकन आवाज आला.

आत्यानं पडद्यावर फोटो पाहिला. "लई चांगला आलाय. आता बगा, साकव झाला तर खाली तुमचं नाव लिवू. न्हाई झाला तरी लिवू."

मी तर मूठ वर करायचीसुद्धा विसरले. साहेबांनी तो अर्ज टेबलावरच्या ढिगात न टाकता समोर ठेवला आणि शिपायाला हाक मारली. "पाहणीला कधी जायचंय ते बघ."

पाहणी झाली, पावसाळा गेला, पुन्हा पाहणी झाली. माझी आणखी पत्रकं निघाली, त्यांचा किती उपयोग झाला ते मी विचारत नाही. मात्र उन्हाळ्यात खडी आली, सळया आल्या. आत्या रोज काठावर खुर्ची टाकून बसायची आणि दुपारच्या सुट्टीत गवंड्यांचे फोटो काढायची. त्यांच्यात छत्तीसगडकडची पोरं होती. त्यांना मराठी येत नव्हतं, पण कंगव्याची भाषा कळत होती. मी एकदा न राहवून म्हटलं, "आत्या, हा झाला की सुमनताई गाडी घेऊन येईल. मग काय सांगशील?"

"मग काय सांगनार? जाईन."

"मग एवढी भांडलीस कशाला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ओढ्यातून वाहत आले होते. "वढा काय माझ्या एकटीला आडवा येत व्हता व्हय?"

साकवावरून पहिली गाडी आली ती सुमनताईची. उद्घाटन व्हायचं होतं, पुढाऱ्याची तारीख मिळाली नव्हती. आत्यानं ठरलेला शब्द मोडला नाही, लांबवलासुद्धा नाही. बायका रडत होत्या, ती सगळ्यांना पदर नीट घ्यायला सांगत होती. मी 'वस्तीचा ऐतिहासिक विजय' हे ताजं पत्रक खिडकीतून तिच्या हातात दिलं. तिनं शीर्षक वाचलं, घडी घातली, कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलं आणि सुमनताईला म्हणाली, "चल, हळू घे." गाडी साकवावरून पलीकडं गेली. मला वाटायचं, विजय झाला की माणसं आपल्याकडंच राहतात.

मागच्या आठवड्यात सुमनताईच्या मोबाइलवरून एक फोटो आला. कॅमेऱ्याच्या पडद्याचाच काढलेला फोटो. त्या टॉवरमधली साफसफाई करणाऱ्या पाच बायका, विंचरून, ताठ, लिफ्टच्या बंद दारापुढं उभ्या. खाली आत्याचा रेकॉर्ड केलेला आवाज: "पुढारीणबाई, हितं ह्यांना रहिवाशांच्या लिफ्टमदी पाय ठिवू देत न्हाईत. चौदा मजलं बादल्या घिऊन जिन्यानं चढत्यात. पत्रक लिवून दे. मराठीत आन हिंदीत. आन रडकं लिवू नगंस."

मी लिहायला बसले आहे. पहिलं वाक्य खोडून पुन्हा लिहिते आहे. दर वेळी त्यात 'बिचाऱ्या' हा शब्द येतो.