खिडकीत राहिलेली बाटली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही माझ्या नात्याचे ना गोत्याचे. म्हणूनच असेल कदाचित.

वाशीमकडचा तो आमचा लहानसा दवाखाना अजून जिवाला ओढ लावतो. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नवी नर्स — कडक टोपीचा कोण तोरा! पेशंटबरोबर अख्खं घर यायचं, आवारातल्या कडुनिंबाखाली चुली मांडायचं. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जायचे आणि त्या वासानं आमचं कामात लक्ष लागायचं नाही.

मेडशीची सुमन आली ती बाळंतपणानंतर, तापानं फणफणत. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. बाळंतज्वर आहे, आत जंतू शिरलेत, पेनिसिलिन सुरू करा, म्हणाले. ती पूड पाण्यात कालवली की बाटली गारव्याला ठेवावी लागे. फ्रिज कुठला? ओल्या वाळूत पुरलेलं मडकं, तोच आमचा फ्रिज. ते काम माझं.

त्या दुपारी — वैशाख होता — मी औषध कालवलं, पहिली सुई दिली, आणि सुमनच्या सासूनं जेवायला हाक मारली. रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मी तशीच उठले. किती हसलो आम्ही त्या पंगतीत! ती चव अजून आठवते. आठवावी का?

परत आले तर बाटली खिडकीत, उन्हानं तापलेली. औषध वाया गेलं हे मला कळलं होतं — अगदी नीट कळलं होतं. पण दुसरी बाटली अकोल्याहून मागवायची, तर डॉक्टरांना सांगावं लागणार. मी ती गुपचूप मडक्यात ठेवली आणि त्यातलंच टोचत राहिले.

ताप उतरेना. डॉक्टर बुचकळ्यात पडले. पेनिसिलिनला दाद देत नाही म्हणजे हा बाळंतज्वर नव्हेच, आपलं निदान चुकलं, असं म्हणून त्यांनी हिवतापाचं औषध लिहिलं. मी शेजारीच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं — अजून वेळ होता, अकोल्याला माणूस धाडता आला असता. मी काय केलं? कोयनेलच्या गोळ्या आणून दिल्या.

सुमन गेली. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर साध्या तापाचं निदान करतानाही चाचरत. त्या दिवशी त्यांनी सासूपुढे हात जोडले आणि चूक माझी, म्हणाले. मी भिंतीला टेकून रडत होते. सासू तान्ह्याला काखेत घेऊन माझ्याकडेच आली, पाठीवरून हात फिरवू लागली.

"रडू नको वं माय. तुनं तं सुई वेळेवरच देल्ली."

मी डोळे पुसले आणि हो म्हणाले.