दुकानासाठी म्हणून घेतलेला प्रिंटर

प्रिंटर घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "काम काय आहे तुमचं?" प्रश्न साधा आहे. पण मला त्याचं खरं उत्तर देता येत नव्हतं. ज्यांच्यासाठी प्रिंटर घ्यायचा होता ते माझे वडील माझ्या शेजारीच उभे असायचे आणि नेमकं त्यांनाच ते कळू द्यायचं नव्हतं. एक यंत्र विकत घेण्यात माणसाचं डोकं किती फिरू शकतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

आप्पांचं नांदेडला जुन्या बाजारात कापडाचं दुकान होतं. आई गेली, पाठोपाठ डोळे अधू झाले, तसं त्यांनी दुकान मोडलं आणि लातूरला माझ्याकडे राहायला आले. मी एकुलती एक, त्यामुळे दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. आप्पांना आयुष्यभर एकच व्यसन, पेपर वाचण्याचं. कपाळाला भस्म लावून गादीवर बसले की पहिल्या पानापासून ते निविदा सूचनांपर्यंत सगळा पेपर वाचायचे. कुठल्या गावच्या पुलाचं टेंडर निघालं, हे आमच्या दुकानात चहावाल्यालाही माहीत असायचं.

माझ्याकडे आल्यावरही ते रोज सकाळी पेपर घेऊन बसत, वेळच्या वेळी पान उलटत. एक दिवस मी चहा द्यायला गेले तर त्यांच्यापुढे पानभर क्लासची जाहिरात होती. आमच्या लातुरात असल्या जाहिरातींना तोटा नाही. अक्षर जवळजवळ नाहीच, नुसते पास झालेल्या पोरापोरींचे फोटो. आप्पा मान खाली घालून ते पान कितीतरी वेळ वाचत होते. मी विचारलं, "काय म्हणतोय पेपर?"

"काय म्हणणार बाई, तेच ते," ते म्हणाले आणि पान उलटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आप्पांचे डोळ्यांचे डॉक्टर नांदेडचेच. ते म्हणाले, उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय, डाव्यात अजून थोडी नजर शिल्लक आहे. अक्षर मोठं आणि ठळक असेल तर वाचतील. किती दिवस ते सांगता येणार नाही, पण दिसतंय तोवर वाचू द्या.

मोबाइलवर अक्षर मोठं करून दाखवलं तर उजेडानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. झेरॉक्सवाल्याकडून पेपर मोठा करून आणला तर सगळं पान राखेनं माखल्यासारखं. मग मी ठरवलं, घरीच प्रिंटर घ्यायचा. रोज सकाळी चार बातम्या मोबाइलवरून घ्यायच्या, अक्षर बोटाएवढं करायचं आणि छापून त्यांच्या हातात द्यायचं. मोठं अक्षर शाई फार पितं आणि आपल्याला ते परवडायला हवं, म्हणून शाईची टाकी असलेला, इंक टँकचाच घ्यायचा, एवढंही ठरलं.

अडचण आप्पांची होती. लेकीच्या घरी राहतो हेच त्यांना डोईजड झालेलं. जेवलं की ताट स्वतः धुणार, भाजी स्वतः आणणार. नवीन चपला आणल्या तर "जुन्या चालतात" म्हणून परत करायला लावल्या. त्यांच्यासाठी यंत्र घेतोय म्हटलं असतं तर त्यांनी पिशवी भरून नांदेडची बस धरली असती, असं मला वाटायचं.

तेव्हा नवऱ्यानं तोड काढली. त्यांचं पाण्याच्या टाक्यांचं आणि पाइपांचं दुकान आहे. ते म्हणाले, "मामांना सांगू, दुकानाच्या बिलांसाठी घेतोय. एकदा घरात आला की कोण बघतंय?" मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. आप्पा स्वतः जन्मभर दुकानदार होते, ही गोष्ट आम्ही दोघंही विसरलो.

"दुकानाची खरेदी हाय व्हय? मग मी येतो," आप्पा म्हणाले आणि टोपी घालून तयार झाले.

झालं. लातुरात आम्ही दुकानामागून दुकानं पालथी घातली. मी रात्रंदिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून पंडित झाले होते. एक जण म्हणायचा, हाच घ्या, दुसरा म्हणायचा, हा सोडून कुठलाही घ्या, आणि खाली लोकांनी लिहिलेलं असायचं की दोन्ही घेऊन पस्तावलो. नवऱ्याला व्हिडिओचं काही नव्हतं. त्यांच्या लेखी ती टाकी होती. प्रत्येक प्रिंटरपुढे वाकून बोटानं टकटक वाजवायचे आणि विचारायचे, "पातळी बाहेरून दिसते का? झाकण गच्च बसतं का?" लातूरच्या माणसाला कुठलीही टाकी दाखवा, तो आधी ती किती दिवस पुरेल तेच विचारणार. एका दुकानदारानं तर यांना विचारलं की साहेब, तुम्हाला शाई भरायची आहे की पाणी?

मला हवा होता फक्त काळ्या शाईचा. व्हिडिओ बघून एवढं एक कळलं होतं की त्याचं अक्षर काळंभोर येतं. पण असं का हवंय ते सांगायची सोय नव्हती. लातुरात काही जमलं नाही. आप्पांना तपासायला नांदेडला जायचंच होतं, तेव्हा तिथेही बघू म्हटलं. तिथला दुकानदार आप्पांच्या ओळखीचा निघाला. म्हातारा मुसलमान व्यापारी, पूर्वी आप्पांच्या शेजारी घड्याळं विकायचा. आप्पांना बघून गादीवरून उठला, चहा मागवला आणि मग तोच प्रश्न.

"काम काय हाय आप्पा?"

"दुकानाचं हाय. जावयाचं दुकान हाय लातूरला, टाक्यांचं."

"मग रंगीतच घेऊन जाव. गिऱ्हाइकाला टाकीचं चित्र छापून देता येतंय."

मी मध्ये पडले. "रंगीत कशाला? नुसता काळा बास. अक्षर ठळक आलं म्हणजे झालं."

आप्पा माझ्याकडे वळले. "बाई, धंद्याला रंग लागतोय. काळ्या-पांढऱ्यात मी कधी लुगडं इकलो न्हाई."

मी नवऱ्याकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत. पुढे अर्धा-पाऊण तास दोन म्हाताऱ्यांनी त्या प्रिंटरवरून अशी घासाघीस केली की बघत राहावं. आप्पा कागदाचा गठ्ठा फुकटात मिळवूनच थांबले. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका खुललेला बघितला नव्हता. राग कुणाचा करावा तेच कळेना. सगळ्यांत स्वस्त रंगीत प्रिंटर आमच्या गळ्यात पडला होता आणि ज्यांच्यासाठी तो घेतला तेच त्यावर खूश होते.

परतीच्या वाटेवर अहमदपूर येईपर्यंत आप्पांनी खोका मांडीवरून खाली ठेवला नाही. लातुरात पोचल्यावर मी म्हटलं, घरी नेऊ. ते म्हणाले, "दुकानाची वस्तू दुकानात." आणि खरंच तिथे उतरवून घेतली. मग माझा प्रिंटर पाइपांच्या भेंडोळ्यांमध्ये जाऊन बसला. नवरा पूर्वीसारखाच हातानं बिलं फाडत होता आणि वर प्रिंटर धूळ खात होता. घरी आप्पा पेपरची पानं उलटत होते. प्रत्येक दिवसाला त्या डाव्या डोळ्यातलं किती गेलं असेल, ह्या विचारानं मला झोप लागेना. नवऱ्याला म्हटलं, तुमची युक्ती तुम्हीच निस्तरा. शेवटी त्यांनी आणखी एक थाप मारली, दुकानातल्या धुळीनं मशीन बाद होईल म्हणून, आणि प्रिंटर घरी आणला. आप्पांनी त्यांच्या जुन्या दुकानातल्या उरलेल्या कापडाची खोळ शिवून घेऊन त्यावर चढवली आणि मला बजावलं, "घरातल्या कुणी हात लावू नका ह्याला."

ते आंघोळीला गेले की मी खोळ काढायची. आधी वायफाय सापडेना. सापडलं तर जोडाक्षरं फुटायला लागली, 'मुख्यमंत्री' चार तुकड्यांत यायचे. ते दुरुस्त झालं तर अक्षराला जोर नाही. काळं म्हणावं असं ते काळं नव्हतंच, आणि फुकटातल्या कागदावर आणखी पसरायचं. तरी बोटाएवढं अक्षर होतं. म्हटलं, काहीतरी तर दिसेल. एका सकाळी चहाबरोबर दोन पानं त्यांच्यापुढे ठेवली.

आप्पांनी कागदावरून बोट फिरवलं. "दुकानाच्या मशीनवर काढलं हे?"

"हो."

"दुकानाची शाई घरात वापरायची न्हाई बाई. आज कागद घेतला, उद्या गल्ल्यात हात जातोय. मी तुझ्या आईला सुद्धा दुकानातलं वारभर कापड कधी असंच दिलो न्हाई, लिहून ठेवूनच दिलो." पानांची घडी घालून त्यांनी बाजूला सारली आणि परत तो न दिसणारा पेपर उघडला.

लेकीचं घेणार नाहीत म्हणून दुकानाचं सांगितलं, तर दुकानाचं म्हणून शिवेनात. आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. तरी मी रोज छापत होते. रोज पानं ठेवायची, रोज घडी होऊन परत यायची. बरं, त्यांच्या तत्त्वाला बोल लावावा तर तेही जमेना, कारण त्याच तत्त्वावर त्यांनी अब्रूनं दुकान चालवलं आणि मला वाढवलं.

एक दिवस माझा तोल सुटला. त्यांनी पानं बाजूला सारली तशी मी ती पुन्हा पुढे आणून आपटली. "कसलं दुकान आप्पा? तुमचे जावई अजून हातानं बिलं फाडतात. त्यांनी ह्या मशीनवर एक बिल काढलेलं नाही. हे तुमच्यासाठी आणलंय. तुम्हाला पेपर दिसत नाही, मला कधीपासून माहीत आहे."

नवरा चप्पल घालता घालता दारात थांबला. मला वाटलं, आता आप्पा उठणार आणि पिशवी शोधणार. त्यांनी मांडीवरचा पेपर मिटला, छापलेलं पान उचललं, मान तिरपी केली आणि डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेलं. एका ओळीला त्यांना किती वेळ लागला, सांगता येत नाही.

"ह्यात 'प' कोणता आन् 'ष' कोणता, समजंना," ते म्हणाले. "पोटातली रेघच दिसंना. शाई फिकी हाय."

माझा राग उतरलेला नव्हता. "तुम्हीच रंगीत घ्यायला लावलंत. मी काळा घ्या म्हणत होते."

"दुकानासाठी म्हटली व्हतीस तू. दुकानाला रंगीतच लागतोय." त्यांनी पान खाली ठेवलं. "मला वाचायला म्हटली असतीस तर काळाच घेतलो असतो. मला काय दिसतंय ते मला इचारायचं की बाई."