एका बटणाचा कॅमेरा

सगळा जन्म चंद्रपुरात गेला, तरी माझ्याकडे वाघाचा एक फोटो नाही. पुण्याच्या नणंदेकडे बारा. ती सुट्टीत येते, मोहर्लीच्या गेटातून जंगलात शिरते आणि घरच्या ग्रुपवर वाघ टाकते. खाली लिहिते, "वहिनी, तुमच्या गावचा!" माझ्या अंगाची लाही लाही होते. यंदा तिच्या तोंडावर मारायला मला एक वाघ हवाच होता.

सफारीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरलं. पर्समध्ये मावणारा, सोपा. "ताई, तसे आता कोण घेऊन राह्यलं?" म्हणत दुकानदाराने मागच्या कप्प्यातून तीन काढले. पहिल्याची बटणं पाहूनच मला घाम फुटला. दुसऱ्यावरची अक्षरं मुंगीएवढी. तिसरा सोबत आलेल्या सासूबाईंनी हातात घेतला. मूल गावाकडच्या त्या, सारी हयात धानाच्या बांध्यांत, भाताच्या चिखलात गेलेली. त्यांनी एकच बटण दाबलं आणि दुकानदाराचा झकास फोटो निघाला.

"हाच घे. मले जमते, म्हणजे तुले बी जमन."

भर दुकानात अब्रू गेली, पण कॅमेरा ठरला.

जिप्सीत मी, नवरा, दोन पोरं, सासूबाई, गाइड आणि ड्रायव्हर. दोन तास नुसती हरणं. मग एका वळणावर वाघ, चक्क रस्त्यात बसलेला! घाईघाईत मला ते एकच बटणही सापडेना. "आण इकडे," म्हणत सासूबाईंनी कॅमेरा हिसकावला. सहा वेळा खटखट झालं. वाघ उठून बांबूत गेला. तेवढ्यात मी मनात नणंदेला उत्तरही लिहून टाकलं.

कॅमेरा घेऊन पाहिलं. नवरा. पोरगी. पोरगा. गाइड. ड्रायव्हर. शेवटी आ वासलेली मी. वाघाची शेपटीसुद्धा नाही.

"आई, वाघ कुठी हाये जी?" मी जवळजवळ ओरडलेच.

"धानाच्या रोवणीत जनावर दिसलं का त्याच्याकडे पाहत नाई बसत, बाई. आपली माणसं मोजाची असतेत." मग म्हणाल्या, "एकदा एक बाई कमी भरली होती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मोजताना त्या स्वतःला मात्र विसरल्या होत्या. मी कॅमेरा त्यांच्याकडे धरला आणि ते एकच बटण दाबलं.

घरी येऊन सगळे फोटो ग्रुपवर टाकले. नणंदेने लगेच विचारलं, "वहिनी, वाघ कुठाय?"

मी लिहिलं, "गेला. आम्ही सातही आहोत."