अण्णांचं इंग्रजी कुडपणला राहिलं

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आज महाडच्या घरी अण्णांचं, माझ्या वडिलांचं, तेरावं झालं. अण्णा प्राथमिक शिक्षक. साठच्या दशकात इंग्रजी कसं शिकवतात ते बघायला काही शिक्षकांना विलायतेच्या शाळांत पाठवलं होतं, त्यांत अण्णाही होते. परत आले आणि बदली झाली कुडपणला. डोंगरावरची शाळा, वर्ग चौथीपर्यंत. तिथे इंग्रजी हा विषयच नव्हता!

घरी त्यांनी इंग्रजीचा विषय कधी काढला नाही. आठवीत मी हट्टाने दुसऱ्या सरांकडे शिकवणी लावली. "तुम्ही चौथीपर्यंतचे मास्तर, तुम्हाला काय येणार?" असं मी अण्णांना तोंडावर म्हणाले होते. अण्णा मला रोज सायकलवरून तिथे सोडायचे.

आज तीनच्या सुमारास कुडपणहून एक सत्तरीची बाई आली. अण्णांच्या फोटोला हात जोडून म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर. आय अ‍ॅम पार्वती. धिस इज माय हँड."

मग ती माझ्याकडे वळली.

"शाळा सुटल्यावर गुरुजी शिकवायचे," ती म्हणाली. "पुस्तक नाय, पाटी नाय. दार दाखवायचे, दगड दाखवायचे नि आमाला बोलायला लावायचे. विलायतेत आसंच शिकवतात, म्हनायचे. तुला तर घरी किती शिकवलं आसंल ना गो बाय?"

मी "हो" म्हणाले.

तुम्ही विचारलंय का कधी आपल्या वडिलांना, त्यांना काय काय येतं ते? मी नाही विचारलं.