सपाटापासून पन्नास

"आधी सपाट," म्हणत ताई कोपरापासून हात टेबलावर टेकवायच्या. मग नुसता पंजा वर. "आता सांगा, किती उचललं आन् किती राहिलं?"

चाकणच्या आमच्या कंपनीत लोखंडी पट्ट्या वाकवून गाड्यांच्या सीटखाली बसवतात. मी क्वालिटीत. ताई बीडकडच्या, शाळा नववीत सुटलेली. लेकीचा अभ्यास घेता घेता भूमिती मात्र त्यांनी पुन्हा धरली होती. पॅकिंगमधून त्यांना तीन महिन्यांच्या चाचणीवर बेंडिंग मशीन दिलं होतं.

शेवटच्या दिवशी नवीन ड्रॉइंग आलं. पहिला पीस बाद झाला तर ताई परत पॅकिंगला, हे साहेबांनी सर्वांदेखत जाहीर केलं. साहेबांना साधं 'नाही' म्हणायलाही पडद्यावर स्लाइड लागायची.

ड्रॉइंगवर कोन होता पन्नास अंशांचा. ताईंनी पट्टी वाकवली, मी मोजली. आतला कोन एकशे तीस!

"रिजेक्ट," साहेब म्हणाले. मी पेन काढलं आणि 'रि' लिहिलाही.

"थांबा हो दादा! पन्नासचा आकडा कुठं हाय ते तर बघा."

मी वाकून पाहिलं. पट्टी सरळच राहिली असती तर जिथे गेली असती, तिथे एक तुटक रेषा होती. पन्नास त्या रेषेपासून मोजलेले.

"सपाटापासून पन्नास उचलायचे. मग आत उरले किती?"

"एकशे तीस," मी म्हणालो.

"दोन्ही मिळून एकशे ऐंशी. पूरक कोन हायेत ते. एक घावला की दुसरा कुठं पळतोय?"

"ताई, हा वर्ग नाही," साहेब म्हणाले.

"मग सीट आणा की, लावून बघू!"

सीट आली. शेजारच्या मशीनवरचे लोकही आले. पट्टी टेकवली, पहिला बोल्ट गेला. दुसऱ्यासाठी मी वाकून भोक बघत होतो. तोही गेला, हातानेच, पाना न लावता! कुणीतरी शिट्टी मारली. "जमलं राव!" असा ओरडा झाला, आणि त्यात माझाही आवाज होता, हे मला मागाहून कळलं. ताईंचं मशीन पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वरच्या हॉलमध्ये ताईंचा सत्कार ठेवला. 'आमच्या मार्गदर्शनाखाली' अशी पहिलीच स्लाइड. नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, पण पुढची खुर्ची रिकामी. मला बोलवायला पाठवलं.

"दोनशे पट्ट्या राहिल्यात दादा," ताई मशीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "माझ्या मशीनवर."

मी एकटाच वर आलो. साहेबांनी पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला. खाली मशीन धप्प करायचं, आणि गुच्छाचा चकचकीत कागद प्रत्येक वेळी थरथरायचा.