चिखलाचा मान

आमच्याकडे भाताची लावणी संपली की बाया खाचराच्या मालकाला चिखल फासतात. मालकाने थोडं पळायचं, मग सापडायचं, तोंड माखून घ्यायचं आणि हसत हसत सगळ्यांना कोंबडीचं जेवण घालायचं. सावडीने एकमेकींच्या शेतात राबणाऱ्या बायांची ही वर्षाची गंमत.

वडील गेल्यापासून आमच्या खाचराचा मालक माझा थोरला भाऊ. दादाला कुणी हसलेलं खपत नाही. विहिरीवर बाया हसल्या तरी ह्याला वाटतं, आपल्यालाच हसल्या. मी शाळेत असताना एकदा तो सायकलवरून पडला आणि मला हसू आवरलं नाही. तोही हसला. दुसऱ्या दिवशी मी पाळलेला बोकड पडक्या विहिरीत मेलेला सापडला. आई म्हणाली, पाय घसरला असेल. बोकडाचा पाय घसरतो, हे मी आमच्याच घरात ऐकलं.

दोन वर्षांपूर्वीच्या लावणीला मी मुरबाडहून, म्हणजे सासरहून, मदतीला गेले होते. शेवटची मूठ रोवून झाल्यावर बायांनी वहिनीला पुढे ढकललं. "लाव गो, आज तुझा मान!" ती नको नको म्हणत होती. शेवटी तिने एक बोट चिखलात बुडवून दादाच्या गालाला टेकवलं. सगळ्या हसल्या. दादाही हसला. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं.

जेवण त्याने स्वतः वाढलं. "घे गो काकी, लाजतंस काय," म्हणत रस्सा घेऊन पंगतीत फिरला. शेवटच्या बाईला बांधापर्यंत पोचवून आला. मी अंगणात भांडी घासत होते. त्याने आत जाऊन कडी घातली आणि शांतपणे वहिनीला विचारलेलं मी ऐकलं, "कुठलं बोट?"

मी दार बडवत राहिले. आई ओट्यावर बसून होती, उठली नाही. वहिनीने भीतीने बोट सांगितलं नाही, म्हणून त्याने दोन मोडली.

बोटं बांधून वहिनी किन्हवलीला माहेरी गेली. दादाला मी कल्याणला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ह्यांच्या व्यक्तिमत्त्वातच विकाराची लक्षणं आहेत. संशय फार, अपमान गिळता येत नाही, आणि त्यातून हात उठतो. पण असा प्रत्येक माणूस मारतोच असं नाही, ह्यांनी स्वतः यायला हवं, शिकायला हवं. दादाने पहिलं वाक्य घरी आणलं, बाकीची तिथेच ठेवली. परत कधी गेला नाही. आता भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचा, "डॉक्टरांनी सांगितलंय, मला राग आणू नका." पूर्वी हा नुसता दुष्ट होता. आता दुष्टपणाला औषधाच्या बाटलीसारखं लेबल लागलं, आणि ते लावायला नेणारी मी.

पुढच्या लावणीआधी आई वहिनीला आणायला निघाली. सावडीला घरची बाई नको का! मीही गेले, वहिनीला सांगायला की येऊ नको.

"त्याला आजार हाय गो," आई म्हणाली. "आजारी मानसाला टाकून कोनी ऱ्हातं काय?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "आई, त्यांचा आजार बाया जेवून उठस्तवर कसा थांबला वो?"

मला वहिनीच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हटलं, "माझ्याकडे चल, मुरबाडला. आत्ताच."

तिने आपल्या वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नणंदंच्या घरात किती दिस काढशील? डॉक्टरला दावलाय ना आता त्याला." आणि तिची पिशवी त्यांनी स्वतः जीपमध्ये टाकली.

आमच्या अंगणात शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. दादाने पुढे होऊन पिशवी घेतली. "दमलीस काय? पानी पी आधी." सगळ्यांना वाटलं, सुधारला बिचारा. त्याने तांब्या तिच्या उजव्या हातात दिला. ती दोन बोटं आता मिटत नाहीत. तांब्या सटकला, पाणी दादाच्या पायांवर सांडलं.

कुणीतरी हसलं. दादाही हसला.