आवरणाऱ्या पेशी वाढवणारी बाई

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. यावलहून अमळनेरला जाताना यष्टीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. केळं खाण्याआधी तिनं खिडकीबाहेर हात काढून पार कोपरापर्यंत धुतले.

"केळं सोलस का बाळंतपण करस, बाई?" मी विचारलं.

ती हसली. "सवय शे, आबा. मी पुण्याला बाटलीत पेशी वाढवते. जरा घाण लागली की मरतात."

मीही पिशवीतून केळं काढलं. माझ्या सुजलेल्या बोटांनी साल निघेना, तर तिनं न विचारताच सोलून दिलं. मला राग आला. केळं मात्र खाल्लं.

"अंगातल्या राखणदार पेशी घरच्यांनाच चावतात, म्हणून असे सांधे सुजतात," ती म्हणाली. "त्यांना आवरणाऱ्या पेशी थोड्याच असतात. त्याच मी वाढवते."

"मग दे की एक बाटली."

"अजून उंदरांवरच चाललंय. गोळ्या घेता ना?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरशी भांडून गोळ्या महिनाभर बंद होत्या.

"उंदरांच्या मागे रांगेत उभा राहू मी?"

"राहा की. उंदीर तुमच्याइतके हट्टी नसतात, आबा."

मला आवरता आवरता बायको अन् दोन्ही पोरं थकली होती. घरी आलो अन् सांध्यांची गोळी घेतली. बायकोनं पाहिलं, तेव्हा म्हटलं, डोकं दुखतंय.